ईमेलचं हेडर पायथनने वाचायचं कसं आणि हात लावायचा कुठे

जालन्याचा मोंढा असो, लातूरच्या डाळ मिल असोत की वाळूज एमआयडीसीतले लहान कारखाने, बिलं आणि खात्याचे तपशील आता ईमेलवरच येतात-जातात. त्याच वाटेने कधीतरी असंही पत्र येतं: "आमचं बँक खातं बदललं आहे, यापुढची रक्कम सोबतच्या खात्यावर आरटीजीएस करावी." वर नाव ओळखीचं, खाली सही ओळखीची, मागच्या बिलाचा नंबरही बरोबर. मुनीमजी बिचारे पैसे टाकून मोकळे होतात आणि आठ दिवसांनी खऱ्या व्यापाऱ्याचा फोन येतो, "शेठ, पैसे अजून आले नाहीत."

यातल्या बऱ्याचशा पत्रांचं बिंग त्यांच्या हेडरमध्येच, म्हणजे पत्र कुणाचं, कुठून आणि कसं आलं हे सांगणाऱ्या मजकुराच्या वरच्या ओळींतच, लिहिलेलं असतं. कुणी उघडून बघत नाही एवढंच. थोडंफार पायथन येणारा एखादा मुलगा किंवा मुलगी ऑफिसात असेल तर हे काम अर्ध्या दिवसात शिकता येतं. हेडर वाचणं आणि हेडर बदलणं ही मात्र दोन वेगळी कामं आहेत. वाचायला शिकलेला माणूस फार लवकर बदलायला लागतो, आणि नुकसान तिथे होतं. म्हणून या लेखात वाचण्याला जास्त जागा दिली आहे.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एक सूचना. फंक्शनची आणि हेडरची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रोग्राममध्ये ती नेहमीच्या रोमन अक्षरांत टाइप करायची, आणि जिथे खालची रेघ दिसते तिथे अंडरस्कोर द्यायचा. व्हेरिएबलची नावं मात्र पायथन ३ मध्ये देवनागरीत चालतात. पत्र, ओळी, प्रत अशी नावं खुशाल ठेवा.

मूळ पत्र हातात घ्या

स्क्रीनवर दिसतं ते पत्र नव्हे. ते पत्राचं सजवलेलं रूप असतं. जीमेलमध्ये पत्र उघडून उजवीकडच्या तीन टिंबांत "शो ओरिजिनल" निवडा आणि तिथून मूळ फाईल उतरवून घ्या, ती ईएमएल फाईल म्हणून येते. दुसऱ्या कुणाकडे आलेलं पत्र तपासायचं असेल तर त्यांना "फॉरवर्ड करा" म्हणू नका. साध्या फॉरवर्डमध्ये मूळ हेडर गळून पडतं आणि नवं लागतं, मग तपासायला काही उरत नाही. ईएमएल फाईल जोडून पाठवायला सांगा.

फाईल हातात आल्याबरोबर दोन गोष्टी करा. तिची एक प्रत काढा आणि मूळ फाईल रीड-ओन्ली करून वेगळ्या फोल्डरात ठेवा. मग हॅशलिब मॉड्यूलने मूळ फाईलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाईलचा ठसा, काढून लिहून ठेवा. तो ६४ अंक-अक्षरांचा असतो आणि फाईलमधला एक बाइट बदलला तरी पूर्ण बदलतो. पायथन ३.११ पासून हॅशलिबमध्ये फाईल_डायजेस्ट नावाचं फंक्शन आहे, दोन ओळींत काम होतं. उद्या प्रकरण पोलिसांत गेलं तर याचा उपयोग होईल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात हॅशची किंमत लिहायची असते.

फाईल नोटपॅडमध्ये उघडून बघायला हरकत नाही. पण तिथून सेव्ह करू नका. काही एडिटर ओळीच्या शेवटची खूण बदलतात, काही फाईलच्या सुरुवातीला अदृश्य बाइट घालतात.

हेडर कसं बांधलेलं असतं

हेडरचे नियम आरएफसी ५३२२ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात आहेत. हा दस्तऐवज २००८ चा, पण त्याची मुळं १९८२ च्या आरएफसी ८२२ पर्यंत जातात. म्हणूनच त्यात आजही जुन्या टर्मिनलचे संस्कार दिसतात. प्रत्येक ओळीत आधी नाव, मग कोलन, मग मजकूर. नावात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक नाही. ओळ ७८ अक्षरांत बसवावी अशी शिफारस आहे, आणि ९९८ च्या पुढे जायचंच नाही असा नियम आहे. मजकूर लांबला तर तो पुढच्या ओळीवर जातो आणि ती ओळ स्पेस किंवा टॅबने सुरू होते. याला फोल्डिंग म्हणतात. पहिली रिकामी ओळ आली की हेडर संपलं, त्याखाली पत्राचा मजकूर.

फोल्डिंगमुळेच स्प्लिट वापरून हेडर वाचणारे घरगुती प्रोग्राम फसतात. एका ओळीला एक हेडर धरून चाललं की लांबलेला सब्जेक्ट अर्धाच मिळतो. ते काम पायथनच्या ईमेल पॅकेजवर सोडा, ते पायथनसोबतच येतं, वेगळं बसवावं लागत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हेडर ही क्रमवार यादी आहे, डिक्शनरी नाही. एकच नाव अनेकदा येऊ शकतं आणि ओळी कोणत्या क्रमाने आल्या यालाही अर्थ असतो. पायथनमध्ये चौकटी कंस लावून हेडर वाचता येतं, त्यामुळे ते डिक्शनरीसारखं वाटतं, आणि पुढच्या बहुतेक गडबडी या समजातून होतात.

उघडण्याची ओळ

ईमेल पॅकेज आणि त्यातलं पॉलिसी मॉड्यूल इम्पोर्ट करा. ईएमएल फाईल बायनरी रीतीने, म्हणजे "आरबी" देऊन उघडा. मग ही ओळ:

पत्र = ईमेल.मेसेज_फ्रॉम_बायनरी_फाईल(फाईल, पॉलिसी=पॉलिसी.डिफॉल्ट)

यातला पॉलिसीचा भाग गाळू नका. तो दिला नाही तर पायथन जुन्या कोडला सांभाळून घेण्यासाठी कॉम्पॅट३२ नावाची जुनी पॉलिसी वापरतं. नाव "डिफॉल्ट" असलेली पॉलिसी आपोआप लागत नाही, ती मागावी लागते. जुन्या पॉलिसीत मराठी सब्जेक्ट सांकेतिक रूपातच परत मिळतो, पत्ते नुसत्या स्ट्रिंग म्हणून येतात आणि चुकीचे बदल गुपचूप खपून जातात. नव्या पॉलिसीत सब्जेक्ट सरळ मराठीत मिळतो, फ्रॉम हेडरला ॲड्रेसेस ही यादी असते, आणि तिच्यातल्या प्रत्येक पत्त्याचं डिस्प्ले_नेम, यूजरनेम व डोमेन वेगवेगळं वाचता येतं. डेट हेडरला डेटटाइम मिळतो.

बायनरी उघडायचं कारण असं की पत्रात एकाच वेळी वेगवेगळ्या एन्कोडिंगचे भाग असू शकतात. टेक्स्ट म्हणून उघडलं की पायथन पूर्ण फाईलला एकच एन्कोडिंग लावतं. विंडोजवर तर यात हमखास घोळ होतो.

उघडल्यावर पत्राचं डिफेक्ट्स एकदा प्रिंट करा. पार्सरला, म्हणजे पत्र वाचून सोडवणाऱ्या भागाला, पत्रात जे नियमाबाहेरचं दिसलं त्याची ती यादी असते. रिकामी असेल तर पुढे चला. भरलेली असेल तर पत्र फसवंच आहे असं नाही, जुनी बिलिंग सॉफ्टवेअरंही वाकडीतिकडी पत्रं पाठवतात, पण नोंद ठेवा.

अस्तित्वात नसलेलं हेडर चौकटी कंसाने मागितलं तर कीएरर येत नाही, नन मिळतो. त्यावर लगेच लोअर किंवा स्प्लिट चालवलं की प्रोग्राम कोसळतो. गेट वापरा आणि दुसरी किंमत म्हणून रिकामी स्ट्रिंग द्या. रिसीव्ह्डसारख्या अनेकदा येणाऱ्या हेडरसाठी गेट_ऑल, तेही रिकामी यादी देऊन. चौकटी कंसाने रिसीव्ह्ड मागितलं तर सगळ्यांतलं एकच मिळतं आणि बाकीचा प्रवास दिसतच नाही.

एक पत्र जवळून

समजा, मशीनचे सुटे भाग पुरवणाऱ्याच्या नावाने लातूरच्या एका डाळ मिलला पत्र आलं. हेडरच्या कामाच्या ओळी अशा. पत्ते आणि आकडे उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या गटातले आहेत.

रिटर्न-पाथ: बाउन्स@एक्झाम्पल.नेट
ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स: एमएक्स.एक्झाम्पल.ओआरजी; एसपीएफ=पास एसएमटीपी.मेलफ्रॉम=एक्झाम्पल.नेट; डीकेआयएम=नन; डीमार्क=फेल हेडर.फ्रॉम=एक्झाम्पल.कॉम
रिसीव्ह्ड: फ्रॉम मेल.एक्झाम्पल.कॉम (अननोन [२०३.०.११३.२५]) बाय एमएक्स.एक्झाम्पल.ओआरजी विथ ईएसएमटीपीएस; ट्यू, १४ जॅन २०२५ ११:४२:०७ +०५३०
रिसीव्ह्ड: फ्रॉम [१९२.०.२.८] बाय मेल.एक्झाम्पल.कॉम विथ एचटीटीपी; ट्यू, १४ जॅन २०२५ ०६:०९:५१ +००००
फ्रॉम: अकाउंट्स@एक्झाम्पल.कॉम
रिप्लाय-टू: अकाउंट्स@एक्झाम्पल.नेट

मिलचा स्वतःचा मेल सर्व्हर एमएक्स.एक्झाम्पल.ओआरजी. पुरवठादाराचं खरं डोमेन एक्झाम्पल.कॉम.

रिसीव्ह्डपासून सुरुवात करा. पत्र ज्या-ज्या सर्व्हरमधून जातं तो प्रत्येक सर्व्हर आपली ओळ सगळ्यात वर चढवतो. त्यामुळे प्रवास खालून वर वाचायचा, पण विश्वास वरून खाली ठेवायचा. वरची ओळ आपल्याच सर्व्हरने लिहिलेली आहे, ती खरी. त्या ओळीतला कंसाबाहेरचा फ्रॉम म्हणजे समोरच्याने स्वतःचं जे नाव सांगितलं ते, आणि सांगायला कुणीही काहीही सांगू शकतो. कंसातला आयपी पत्ता आपल्या सर्व्हरने स्वतः पाहिलेला आहे. इथे समोरचा म्हणतोय "मी मेल.एक्झाम्पल.कॉम", पण त्याच्या आयपीवरून उलट शोध घेतला तर नाव सापडत नाही, म्हणून "अननोन" आलं. तेवढ्यावरून फसवणूक सिद्ध होत नाही, पण कान टवकारायला पुरेसं आहे.

खालची रिसीव्ह्ड ओळ पाठवणाऱ्याने आधीच लिहून पत्रात घातलेली असू शकते. आपल्या सर्व्हरच्या ओळीखालचं काहीही पुरावा म्हणून धरू नका. पोलिसात तक्रार देताना लोक नेमका सगळ्यात खालचा आयपी लाल पेनने गोल करून नेतात, आणि तोच सगळ्यात कच्चा असतो.

वेळ तपासायची असेल तर प्रत्येक रिसीव्ह्ड ओळीच्या शेवटच्या अर्धविरामानंतरचा भाग घ्या, म्हणजे आरस्प्लिट करून शेवटचा तुकडा, आणि ईमेल.युटिल्समधलं पार्सडेट_टू_डेटटाइम त्यावर चालवा. नुसत्या नजरेने बघितलं तर वरच्या दोन ओळींत साडेपाच तासांचा फरक वाटतो. पण खालची वेळ यूटीसी आहे. आपल्या घड्याळात ती ११:३९:५१ होते आणि खरा फरक २ मिनिटं १६ सेकंदांचा आहे. हे रूपांतर डोक्यात करत बसू नका, डेटटाइमची वजाबाकी बरोबर होते. एक अडचण येते. ज्या तारखेला विभाग (टाइमझोन) म्हणून -०००० लावलेला असतो तिचा डेटटाइम विभागाशिवाय मिळतो, आणि विभागवाल्यातून बिनविभागवाला वजा करायला गेलं की टाइपएरर येतो. बिघडलेल्या तारखाही भरपूर भेटतात. म्हणून हा भाग ट्राय-एक्सेप्टमध्ये ठेवा.

आता ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स, म्हणजे पत्र खरंच त्या डोमेनकडून आलं का याच्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तपासण्यांचे निकाल. यातलं पहिलं नाव बघा, तपासणी कुणी केली ते तिथे लिहिलेलं असतं. तिथे आपल्या सर्व्हरचं नाव असेल तरच पुढचं वाचा. पाठवणाराही अशी एक ओळ स्वतः लिहून घालू शकतो, म्हणून इथेही गेट_ऑल वापरून सगळ्या ओळी काढा आणि आपलं नाव असलेलीच निवडा.

या पत्रात एसपीएफ पास आहे. बरेच जण इथेच थांबतात आणि पत्र खरं मानतात. पण पास कुणाच्या नावाने झालं? एसपीएफ पाकिटावरचा पत्ता तपासतं, म्हणजे रिटर्न-पाथमध्ये उतरतो तो. तो एक्झाम्पल.नेट आहे. त्या चोराने स्वतःच्या डोमेनसाठी एसपीएफ नीट लावलं आणि ते नीट पास झालं. वाचणाऱ्याला दिसतो तो फ्रॉम एक्झाम्पल.कॉम आहे. डीमार्क नेमकं हेच बघतं की दिसणारा फ्रॉम आणि तपासलेलं डोमेन जुळतं का. इथे जुळलं नाही, म्हणून फेल. मग पत्र आत आलंच कसं? डोमेनच्या मालकाने डीमार्कचं धोरण "नन" ठेवलं असेल तर फेल झालेलं पत्रही पोहोचवलं जातं. तुमच्या स्वतःच्या डोमेनचं धोरण काय आहे ते आजच बघा. कित्येक लहान कंपन्यांनी ते लावलेलंच नसतं.

शेवटी रिप्लाय-टू. उत्तर दिलं तर ते एक्झाम्पल.नेटवर जाईल. फ्रॉमचं आणि रिप्लाय-टूचं डोमेन वेगळं असणं ही प्रोग्रामने पकडायला सगळ्यात सोपी खूण आहे. दोन्ही हेडरच्या ॲड्रेसेसमधून डोमेन काढा, लहान अक्षरांत आणा आणि तुलना करा. वर्तमानपत्रं, नोंदणीच्या सेवा वगैरे प्रामाणिकपणेही वेगळं रिप्लाय-टू ठेवतात. त्यामुळे फरक दिसताच पत्र उडवू नका, फक्त "खात्याचा तपशील बदलला" असा मजकूर आणि हा फरक एकत्र आला तर माणसाला सावध करा.

आणि हे सगळं पास झालं तरी? एखादं अक्षर बदलून घेतलेलं मिळतंजुळतं डोमेन सगळ्या तपासण्या पास करतं, कारण ते डोमेन खरोखर त्याचंच असतं. पुरवठादाराचा मेलबॉक्सच चोरट्याच्या हातात गेला असेल तरही सगळं हिरवं दिसतं. खातं बदलल्याचं पत्र आलं की आधीपासून आपल्याकडे असलेल्या नंबरवर फोन करायचा, पत्रात दिलेल्या नंबरवर नाही. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब, शक्य तर त्याच तासात, कळवायचं.

मराठी सब्जेक्टच्या आत

हेडर मुळात फक्त इंग्रजी अक्षरांसाठी बनलं होतं. मराठी त्यात बसवण्यासाठी १९९६ च्या आरएफसी २०४७ ने सांकेतिक शब्दांची पद्धत दिली. बरोबरचं चिन्ह, प्रश्नचिन्ह, मग यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत), मग बी (म्हणजे बेस६४) किंवा क्यू, मग मजकूर, या तिघांच्या मधे एकेक प्रश्नचिन्ह, आणि शेवटी प्रश्नचिन्ह व बरोबर. असा एक तुकडा ७५ अक्षरांपेक्षा मोठा असू शकत नाही.

हिशेब करून बघा. तुकड्याच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या खुणांतच १२ जागा जातात, उरतात ६३. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं, आणि बेस६४ मध्ये ३ बाइटची ४ अक्षरं होतात. म्हणजे एका तुकड्यात जास्तीत जास्त १५ चिन्हं. इथे काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजायचे. "लातूर" ५ चिन्हांचं. "औरंगाबाद" ८ चिन्हांचं, एका तुकड्यात आरामात बसायचं. "छत्रपती संभाजीनगर" मधली स्पेस सोडून १६ चिन्हं होतात, ते एका तुकड्यात मावत नाही, दोन लागतात. क्यू पद्धत वापरली तर प्रत्येक चिन्हाला ९ अक्षरं लागतात आणि तुकड्यात ७ च चिन्हं मावतात, म्हणून मराठीसाठी बी बरी.

शहराचं नाव २०२३ मध्ये बदलल्यावर अनेक ऑफिसांनी पाठवणाऱ्याच्या नावात आणि सब्जेक्टमध्ये नवं नाव घातलं. अशा वेळी घरगुती प्रोग्राम ७५ अक्षरं झाली की बाइट मोजून कापतो आणि एका चिन्हाच्या ३ बाइटमधूनच सुरी चालते. समोरच्याला नावाच्या मध्येच चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसतात. नियम स्पष्ट आहे की एक चिन्ह दोन तुकड्यांत विभागायचं नाही. पायथनच्या नव्या पॉलिसीत पत्र['सब्जेक्ट'] ला सरळ मराठी स्ट्रिंग द्या, कापणं-जोडणं ते स्वतः नीट करतं. आधीच सांकेतिक केलेली स्ट्रिंग हाताने बनवून देऊ नका.

उलट्या बाजूने, कच्च्या हेडरमध्ये मराठी मजकूर ओळखायची एक खूण सांगतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह बेस६४ मध्ये ४ या आकड्याने सुरू होतं, दुसरं अक्षर मोठं के, आणि तिसरं मोठं एस किंवा मोठं डब्ल्यू. व्यंजनं, स्वर, काना, अनुस्वार यांना एस येतो. दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा, हलन्त आणि देवनागरी आकडे यांना डब्ल्यू. पहिली स्पेस येईपर्यंत ही नक्षी दर चार अक्षरांनी दिसते. स्पेस एका बाइटची असल्याने पुढचं मोजमाप सरकतं. लॉगमध्ये हजारो ओळी धुंडाळताना ही नक्षी फार उपयोगी पडते.

बदल करताना

आता हात लावण्याबद्दल. सगळं काम प्रतीवर करायचं हे गृहीत आहे.

सब्जेक्टमध्ये बिलाचा नंबर घालायचा आहे, तर सहज सुचतं ते चौकटी कंसाने नवी किंमत देणं. पण यादीच्या स्वभावामुळे यात जुनं जात नाही, खाली नवं जोडलं जातं. कॉम्पॅट३२ मध्ये पत्राला दोन सब्जेक्ट होतात आणि कोणता दाखवायचा ते समोरचं सॉफ्टवेअर ठरवतं. नवी पॉलिसी व्हॅल्यूएरर देऊन थांबवते, कारण सब्जेक्ट, फ्रॉम, टू, डेट ही पत्रात एकदाच यायची. बरोबर मार्ग रिप्लेस_हेडर हा आहे. तो पहिलं सापडलेलं हेडर त्याच जागी बदलतो. हेडर नसेलच तर कीएरर येतो, तेव्हा आधी आहे का ते तपासा.

डेल त्या नावाची सगळी हेडर काढतं आणि एकही नसलं तरी तक्रार करत नाही. रिसीव्ह्डपैकी एकच काढण्यासाठी ते वापरलं तर सगळा प्रवास पुसला जातो.

वेब फॉर्ममधून आलेला मजकूर हेडरमध्ये घालताना त्यात नवी ओळ लपलेली असू शकते. त्या ओळीपुढे "बीसीसी:" लिहून कुणीतरी तुमच्या फॉर्ममधून हजारो पत्रं पाठवतं. नवी पॉलिसी अशा किमतीवर व्हॅल्यूएरर देते. तो एरर दाबून टाकू नका, तो तुमच्यासाठी पहारा देतोय.

पाठवणाऱ्याचं नाव मराठीत हवं असेल तर ईमेल.हेडररजिस्ट्रीमधलं ॲड्रेस वापरा आणि डिस्प्ले_नेम, यूजरनेम, डोमेन वेगळे द्या. नावात स्वल्पविराम असला तरी मग गोंधळ होत नाही. नवं पत्र असेल तर मेसेज-आयडी मेक_एमएसजीआयडीने बनवा आणि डोमेन स्वतः द्या. नाही दिलं तर तुमच्या कॉम्प्युटरचं नाव त्यात उतरतं आणि बाहेर जातं. बीसीसीबद्दलही जपा. एसएमटीपीलिबचं सेंड_मेसेज बीसीसी हेडर पुढे पाठवत नाही, पण सेंडमेलला तुम्ही पूर्ण बाइट दिले तर ते जसेच्या तसे जातात आणि गुप्त यादी सगळ्यांना दिसते.

मग डीकेआयएम, म्हणजे पाठवणाऱ्या डोमेनने पत्रावर केलेली डिजिटल सही. आलेल्या पत्रात डीकेआयएम-सिग्नेचर असेल तर त्यात एच= या टॅगपुढे सही केलेल्या हेडरची यादी असते. फ्रॉम त्यात असावाच लागतो, सब्जेक्ट आणि डेट बहुधा असतात. त्यातलं एकही बदललं की सही मोडते. सी= या टॅगमध्ये हेडरसाठी रिलॅक्स्ड असेल तर जागा आणि घड्या बदलल्याने बिघडत नाही, सिंपल असेल तर एका स्पेसनेही बिघडतं. म्हणून बदललेलं पत्र पुढे पाठवायचं तर ते तुमच्या नावाने, तुमच्या सहीने, नवं पत्र म्हणून पाठवा. दुसऱ्याच्या नावाचा फ्रॉम तसाच ठेवून आतला सब्जेक्ट बदलणं तांत्रिकदृष्ट्या चुकतं आणि नीतीनेही.

काहीच बदललं नाही आणि नुसतं वाचून पुन्हा लिहिलं, तरी पत्र बदलू शकतं. ॲज_बाइट्स बाहेर काढताना ७८ च्या पुढच्या ओळींना नव्याने घड्या घालतं. ते टाळायला पॉलिसीची अशी प्रत करा:

जपून = पॉलिसी.डिफॉल्ट.क्लोन(रीफोल्ड_सोर्स='नन')

आणि वाचताना व लिहिताना तीच द्या. सर्व्हरकडे पाठवण्यासाठी ओळीचा शेवट सीआर-एलएफ लागतो, त्याला पॉलिसी.एसएमटीपी आहे. फक्त एखादं "तपासलं" असं स्वतःचं हेडर वर जोडायचं असेल तर पार्सरची गरजच नाही. फाईलच्या बाइटसच्या आधी ती एक ओळ जोडा, बाकी पत्राला धक्का लागत नाही. मला तरी हाच मार्ग सगळ्यात निर्धोक वाटतो.

जुन्या पत्रांचा गठ्ठा

गूगल टेकआउटमधून पूर्ण मेलबॉक्स घेतला तर एमबॉक्स फाईल, म्हणजे सगळी पत्रं एकाखाली एक असलेली एकच फाईल, मिळते, आणि प्रत्येक पत्रात एक्स-जीमेल-लेबल्स हेडर असतं. ती मेलबॉक्स मॉड्यूलने उघडा, पण क्रिएट=फॉल्स नक्की द्या. नाहीतर फाईलचं नाव चुकलं तर पायथन त्या नावाची रिकामी फाईल तयार करतं आणि तुम्ही "शून्य पत्रं" बघत बसता. प्रत्येक किल्लीसाठी गेट_बाइट्स घ्या आणि मेसेज_फ्रॉम_बाइट्सला डिफॉल्ट पॉलिसीसह द्या. हजारो पत्रांची फक्त हेडर हवी असतील तर बाइट्सहेडरपार्सर वापरा, तो जोडलेल्या फाईलींचे भाग सोडवत बसत नाही.

प्रत्येक पत्रातून डेट, फ्रॉमचं डोमेन, रिप्लाय-टूचं डोमेन, डीमार्कचा निकाल आणि सब्जेक्ट एवढं सीएसव्हीत उतरवा. फाईल लिहिताना एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग द्या, म्हणजे एक्सेलमध्ये मराठी नीट उघडतं. मग पुरवठादारांच्या खऱ्या डोमेनची यादी मुनीमजींकडून घ्या आणि यादीबाहेरचं जे काही "खातं", "बँक", "पेमेंट" म्हणतंय ते वेगळं काढा.

सुधारलेली पत्रं परत त्याच एमबॉक्समध्ये लिहू नका, नवी फाईल करा. लिहिण्याआधी लॉक, नंतर फ्लश आणि अनलॉक. आणि पुरावा म्हणून ठेवायचं पत्र एमबॉक्समध्ये ठेवू नका. एमबॉक्समध्ये "फ्रॉम" आणि स्पेसने सुरू होणारी इंग्रजी ओळ नव्या पत्राची सुरुवात मानली जाते, म्हणून मजकुरात तशी ओळ आली की तिच्यापुढे मोठेपणाचं चिन्ह घातलं जातं. तेवढ्याने मजकूर बदलतो, डीकेआयएम मोडतं आणि हॅश जुळत नाही. पुराव्यासाठी सर्व्हरवरून उतरवलेली सुटी ईएमएल फाईलच जपून ठेवा, हॅशच्या चिठ्ठीसह.